नवी राइड, जुने चाहते आणि पहिल्यांदाच आलेले पाहुणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या चर्चेत ‘चाहते’ कोणाला म्हणायचे आणि ‘सर्वसाधारण पाहुणे’ कोणाला?

ज्याला राइड सुरू होण्याआधीच तिच्याविषयी बरेच काही ठाऊक असते, तो चाहता, अशी सोयीची व्याख्या करता येईल. वार्षिक पास काढून वर्षभर थीम पार्कात ये-जा करणारे, बांधकामाच्या कुंपणावरून डोकावून फोटो काढणारे, बंद पडलेल्या राइडचे ध्वनिमुद्रण जपून ठेवणारे आणि कोणत्या दृश्यानंतर बोट किती अंशांत वळते हे तोंडपाठ असणारे लोक यात येतात. सर्वसाधारण पाहुणा पार्कात काही वर्षांतून एकदा, बहुधा मुलाबाळांसह येतो आणि त्या राइडचे नाव त्याने कित्येकदा त्याच दिवशी सकाळी नकाशावर पहिल्यांदा वाचलेले असते.

चाहत्यांतही पोटभेद आहेत आणि ते लक्षात घेतले नाहीत तर पुढचे काहीच नीट उलगडत नाही. पार्कवर प्रेम करणारे वेगळे, ज्या चित्रपटावर राइड बेतली आहे त्या चित्रपटाचे भक्त वेगळे आणि रोलर कोस्टर मोजत हिंडणारे आणखी वेगळे. या तिघांचे आपसांतही फारसे पटत नाही.

एकाच राइडवर एकाच दिवशी बसलेल्या दोन माणसांची मते इतकी टोकाची का असतात?

डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्राविषयी लिहिताना एक साधे समीकरण मांडले होते: जे जाणवले त्यातून जे अपेक्षिले होते ते वजा केले की उरते ते समाधान. राइडच्या बाबतीत हे समीकरण तंतोतंत लागू पडते, कारण दोघांना जाणवलेले जवळपास सारखेच असले, तरी दोघांच्या वजाबाकीतली दुसरी संख्या अगदी भिन्न असते.

चाहता राइडमध्ये बसतो तेव्हा त्याच्यासोबत आणखी तीन राइड बसलेल्या असतात. पहिली, त्या जागी पूर्वी असलेली आणि आठवणीत दिवसेंदिवस अधिक चांगली होत गेलेली. दुसरी, घोषणेच्या वेळी दाखवलेल्या रंगीत चित्रांतली. आणि तिसरी, त्याने स्वतःच मनात बांधलेली. प्रत्यक्षातल्या राइडला या तिन्हींशी सामना करावा लागतो. पाहुण्याच्या मनात असले काही नसते. त्याची तुलना असते ती रांगेत गेलेल्या वेळाशी, उन्हाशी, पायांच्या ठणक्याशी आणि शेजारी बसलेल्या मुलाच्या चेहऱ्याशी. मूल हसत बाहेर पडले तर राइड चांगली, रडत बाहेर पडले तर वाईट. हा निकष वरवरचा वाटला तरी त्या कुटुंबाच्या दृष्टीने तो पूर्णपणे रास्त आहे.

‘टियानाज बायू ॲडव्हेंचर’वरून एवढा वाद का झाला?

कारण तिथे वरच्या तिन्ही राइड एकाच वेळी हजर होत्या. ‘स्प्लॅश माउंटन’ ही लाकडाच्या ओंडक्यांच्या आकाराच्या नावांतून जाणारी पाण्याची राइड १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये आणि १९९२ मध्ये फ्लॉरिडातील मॅजिक किंग्डममध्ये सुरू झाली होती. तिची कथा आणि गाणी १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातली होती. यादवी युद्धानंतरच्या काळातील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे त्यातील चित्रण आक्षेपार्ह ठरल्यामुळे डिस्नेने तो चित्रपट अमेरिकेत घरगुती पाहण्यासाठी कधीच बाजारात आणला नाही. जून २०२० मध्ये ही राइड २००९ च्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटाच्या रूपात बदलण्याची घोषणा झाली. जुनी राइड २०२३ मध्ये दोन्हीकडे बंद झाली, आणि नवी जून २०२४ मध्ये फ्लॉरिडात व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात उघडली. टोकियोतली ‘स्प्लॅश माउंटन’ मात्र बदलली गेली नाही, त्यामुळे तुलनेला जिवंत नमुनाही शिल्लक राहिला.

वादात दोन निरनिराळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या गेल्या. मुळात बदलच नको, असे म्हणणारा एक गट होता. त्याच्याशी राइडच्या गुणवत्तेविषयी बोलण्यात अर्थ नव्हता. दुसरा गट बदलाचे स्वागत करणारा होता, त्या चित्रपटाची नायिका टियाना हिला स्वतःची राइड मिळावी म्हणून आग्रह धरणाराही होता, आणि तरीही तो नाराज झाला. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या राइडमध्ये शेवटच्या चढणीच्या माथ्यावर दोन गिधाडे बसलेली असत आणि नाव साखळीवर कटकट आवाज करत वर चढत असताना ती खालच्या प्रवाशांना टोमणे मारत. त्या अर्ध्या मिनिटाने सुमारे ५० फुटांच्या उतरणीचा धसका दुप्पट होई. नव्या कथेत टियाना मार्दी ग्रा या उत्सवाच्या मेजवानीसाठी वादक शोधते आहे, मामा ओडी नावाच्या जादूगारणीच्या जादूने पाहुणे बेडकाएवढे होतात, आणि शेवटी सगळे नाचत-गात एकत्र येतात. चित्रपटातला खलनायक डॉ. फॅसिलिए यात कुठेच नाही. उतरण तीच, पाणी तेच, उंचीही तीच; पण पडायचे कशासाठी, हे कथा सांगत नाही, असा या गटाचा आक्षेप होता, आणि मला तो पटतो.

पण गिधाडे कधी पाहिलीच नसतील तर त्यांची उणीव कशी भासणार? पहिल्यांदा बसलेल्या पाहुण्याला दिसतात त्या नव्या, अतिशय सफाईने हलणाऱ्या यांत्रिक आकृती, काजव्यांचा उजेड, ऐकताच पाय थिरकवणारे संगीत आणि अखेरीस अंगावर येणारा पाण्याचा लोंढा. आपण कशासाठी पडलो, असा प्रश्न चिंब भिजून बाहेर आलेल्या आठ वर्षांच्या मुलीला पडत नाही. सुरुवातीच्या काळात या राइडबद्दल पाहुण्यांची मोठी तक्रार होती ती ती वारंवार बंद पडण्याची, आणि खलनायकाच्या अनुपस्थितीपेक्षा ती अधिक व्यवहार्य तक्रार होती.

चाहत्यांचा कडाडून विरोध असूनही तुफान चाललेल्या राइड आहेत का?

आहेत, आणि त्यांची यादी चाहत्यांना अस्वस्थ करणारी आहे. डिस्नेच्याच फ्लॉरिडातील एपकॉट या पार्काच्या नॉर्वे विभागात १९८८ पासून ‘मेलस्ट्रॉम’ नावाची बोटीची राइड होती. ती २०१४ मध्ये बंद करून त्याच पाण्याच्या मार्गावर २०१६ मध्ये ‘फ्रोझन एव्हर आफ्टर’ आणण्यात आली. खऱ्या देशांची ओळख करून देणाऱ्या विभागात ‘फ्रोझन’ चित्रपटातल्या काल्पनिक अरेंडेलचे काय काम, हा चाहत्यांचा प्रश्न तत्त्वतः बरोबर होता. परंतु ज्या ‘मेलस्ट्रॉम’साठी गळे काढले गेले, तिच्या शेवटी नॉर्वेविषयीचा एक लघुपट दाखवत असत, आणि बोटीतून उतरलेले कित्येक पाहुणे त्या सभागृहाच्या एका दारातून शिरून दुसऱ्या दाराने सरळ बाहेर पडत, हे मात्र कोणी आठवणीने सांगत नव्हते. नवी राइड उघडली त्या दिवसापासून काही तासांची रांग लागली.

डिस्नेच्या फ्लॉरिडातील ॲनिमल किंग्डम पार्कात ‘अवतार’ चित्रपटावर आधारित विभागाची घोषणा २०११ मध्ये झाली, तेव्हा त्या चित्रपटातील एका तरी पात्राचे नाव कोणाला आठवते का, असा उपहास चाहत्यांनी सहा वर्षे केला. मे २०१७ मध्ये ‘फ्लाइट ऑफ पॅसेज’ सुरू झाली आणि आसन पायांमध्ये श्वास घेतल्यासारखे हलते, वाऱ्याला ओल्या पानांचा वास येतो, हे अनुभवून आलेल्यांना पात्रांची नावे आठवण्याची गरजच पडली नाही. इथे विशेष असे की बहुसंख्य चाहत्यांनीही आपला शब्द मागे घेतला. अपेक्षा तळाला गेलेली असली की वजाबाकीही सुखाची होते.

त्याच महिन्यात डिस्नेच्या कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कात ‘टॉवर ऑफ टेरर’ या कोसळणाऱ्या लिफ्टच्या राइडच्या जागी ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी: मिशन ब्रेकआउट’ आली. जुन्या हॉटेलच्या इमारतीवर पाइप आणि रंगीत पत्रे चढवल्यासारखे दिसणारे तिचे बाह्यरूप चाहत्यांना असह्य झाले. दिसण्याबाबत त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला अवघड वाटते. पण आत बसल्यावर लिफ्ट सहांपैकी कोणत्या गाण्यावर वरखाली आदळणार हे आधी कळत नाही, त्यामुळे लोक पुन्हा पुन्हा बसतात. आणि लिफ्टमधल्या माणसाला इमारत बाहेरून कशी दिसते हे दिसत नाही.

म्हणजे चाहते नेहमीच चुकतात असे समजायचे का?

मुळीच नाही. एपकॉटमधील ‘जर्नी इंटू इमॅजिनेशन’ १९८३ मध्ये सुरू झाली. फिगमेंट नावाचा जांभळा छोटा ड्रॅगन आणि त्याचा दाढीवाला सोबती ड्रीमफाइंडर हे तिचे प्राण होते. १९९८ मध्ये ती बंद करून पुढच्या वर्षी आणलेल्या आवृत्तीतून ड्रीमफाइंडरला पूर्णपणे वगळले गेले, फिगमेंट क्षणभर डोकावण्यापुरता उरला, आणि राइडची लांबी जवळजवळ अर्ध्यावर आली. चाहते संतापले, यात नवल नव्हते. पण पहिल्यांदा आलेले पाहुणेसुद्धा काहीच न घडल्यासारखे चेहरे करून बाहेर पडत होते. ऑक्टोबर २००१ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांत, ती आवृत्ती गुंडाळावी लागली आणि २००२ मध्ये फिगमेंटला परत बोलावण्यात आले.

जुन्या राइडवरचे प्रेम बाजूला ठेवूनही नवी राइड पोकळ आहे असे चाहत्याला वाटते, तेव्हा त्याचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे. राइडचा सांगाडा वाचण्याची त्याची नजर तयार झालेली असते. ती नजर आणि गमावल्याचे दुःख यांची त्याच्याकडून गल्लत होते, हीच अडचण आहे.

याच्या उलट, चाहत्यांना आवडलेली पण इतरांना न मानवलेली राइड कोणती?

मॅजिक किंग्डममध्ये १९९५ ते २००३ या काळात ‘एलियन एन्काउंटर’ होती. प्रेक्षक गोलाकार सभागृहात खांद्यांवरच्या पट्ट्यांनी जखडून बसत, मध्यभागी काचेच्या नळीत परग्रहावरचा प्राणी प्रकट होई, काच फुटे आणि मिट्ट काळोख पसरे. पुढचे सगळे अंधारात घडे: मानेवर गरम उच्छ्वास, अंगावर लाळेसारखे कोमट थेंब, खांद्यांवर अचानक दाब, आणि कानाशी कोणाची तरी किंकाळी. भीती निर्माण करण्याच्या कलेत हे काम अव्वल दर्जाचे होते, असे चाहते आजही सांगतात. परंतु परीकथांच्या किल्ल्यापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर ती होती, आणि पालक बाहेरची धोक्याची सूचना न वाचता पाच वर्षांच्या मुलांना घेऊन आत शिरत. त्या मुलांच्या रडण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या.

मग त्याच सभागृहात, त्याच आसनांवर, २००४ मध्ये डिस्नेच्या कार्टूनमधला खोडकर परग्रहवासी ‘स्टिच’ आला. उच्छ्वासाच्या जागी हॉट डॉगच्या ढेकराचा वास सोडण्यात आला. चाहत्यांनी ती राइड पार्कच्या इतिहासातील सर्वांत वाईटांपैकी एक ठरवली. आणि मौज अशी की ज्यांच्यासाठी ती सौम्य केली, त्या लहान मुलांनाही अंधार आणि खांद्यांवरचा दाब भयंकरच वाटला. दोन्ही वर्ग एकाच वेळी नाराज करण्याची ही कामगिरी तशी दुर्मिळ आहे.

‘मिशन: स्पेस’चा मामला शरीराचा होता. २००३ मध्ये सुरू झालेली ही राइड प्रवाशांना गरगर फिरवून अंतराळयानाच्या उड्डाणाचा दाब प्रत्यक्ष अनुभवायला लावते. तंत्रावर फिदा असलेल्यांना ती अद्भुत वाटली, तर कित्येक पाहुण्यांना मळमळ झाली, आणि आसनांसमोर उलटीच्या पिशव्या ठेवाव्या लागल्या. २००६ मध्ये न फिरणारी सौम्य आवृत्ती शेजारीच सुरू झाली. वादावरचा इतका सरळ तोडगा फार थोड्या ठिकाणी निघाला असेल.

चाहत्यांना ठळक दिसणारे दोष इतरांच्या लक्षातही कसे येत नाहीत?

याचे उत्तम उदाहरण ॲनिमल किंग्डममधील ‘एक्स्पिडिशन एव्हरेस्ट’चा यती आहे. एप्रिल २००६ मध्ये ही राइड सुरू झाली तेव्हा सुमारे २५ फूट उंचीचा, अवजड, हात उगारून गाडीवर झेपावणारा यांत्रिक यती हे तिचे शिखर होते. काही काळातच ती यंत्रणा बंद पडली आणि तेव्हापासून यती एकाच मुद्रेत उभा आहे. हालचालीचा आभास व्हावा म्हणून त्याच्यावर लखलखणारे दिवे सोडले जातात, आणि त्यावरूनच चाहत्यांनी त्याला ‘डिस्को यती’ असे नाव ठेवले.

आता गाडीत काय घडते ते पाहा. गाडी उखडलेल्या रुळांपाशी थांबते, अंधारात उलट्या दिशेने घसरते, मोठी उतरण उतरते, आणि पुन्हा डोंगरात शिरून एका वळणावर यतीच्या हाताखालून सुसाट निघून जाते. यती दिसतो तो जेमतेम एक-दोन सेकंद. त्या क्षणी सर्वसाधारण प्रवाशाचे डोळे मिटलेले असतात, किंवा तो समोरचा दांडा घट्ट धरून ओरडत असतो. बाहेर आल्यावर काहीतरी मोठे, केसाळ, भयंकर होते एवढेच त्याला आठवते. चाहता मात्र वळण येण्याआधीच मान वर करून तयार असतो, हात हलतो का ते पाहतो, हलत नाही याची खात्री करून घेतो आणि निराश होतो. ही निराशा घेण्यासाठी तो पुढच्या खेपेला पुन्हा तिथे येतो, हे त्याच्या निष्ठेचेच लक्षण म्हणायला हवे.

रोलर कोस्टरच्या चाहत्यांचे निकष याहून वेगळे असतात का?

बरेच वेगळे असतात. तिथे कथेपेक्षा शरीरावर येणारे बल महत्त्वाचे. पाहुणा कोस्टरचे मोल उंचीवरून आणि वेगावरून करतो, कारण ते दोन्ही खालून दिसतात. चाहता ‘एअरटाइम’ मोजतो, म्हणजे गाडी टेकाडावरून जाताना शरीर आसनापासून सुटून वर उचलले जाते तो काळ. पाहुण्याच्या भाषेत त्यालाच पोटात गोळा येणे म्हणतात. फरक इतकाच की चाहता ते गोळे सेकंदांत मोजतो.

ओहायोतील सीडर पॉइंटमध्ये १९९१ पासून ‘मीन स्ट्रीक’ हा प्रचंड लाकडी कोस्टर होता. त्याच्या खडखडाटाने हाडे खिळखिळी होतात, याबाबत चाहते आणि पाहुणे यांचे एकमत होते. २०१६ मध्ये तो बंद झाला, त्याच्या लाकडी सांगाड्यावर पोलादी रूळ बसवण्यात आले आणि २०१८ मध्ये २०५ फूट उंचीचा ‘स्टील व्हेन्जन्स’ उभा राहिला. पार्कने जाहिरातीत २७.२ सेकंदांचा एअरटाइम दिला होता, म्हणजे चाहत्यांची भाषा थेट फलकावर आली. सामान्य पाहुण्यालाही तो आवडला, कारण सांधे दुखणे थांबले होते. दोघांचे समाधान झाले, पण दोघांची कारणे एकमेकांना सांगूनही कळली नसती.

लांब रांग म्हणजे राइड लोकांना आवडली, असे मानावे का?

सावधपणे मानावे. रांगेची लांबी मागणीवर जितकी अवलंबून असते तितकीच ताशी किती माणसे बसवता येतात यावरही असते. डिस्नेलँडमधील १९६७ च्या ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’सारखी राइड तासाला अडीच हजारांहून अधिक लोक सहज रिचवते, त्यामुळे तिथे गर्दी असूनही रांग सरकत राहते. ‘फ्रोझन’च्या बोटी जुन्या, छोट्या मार्गावरून जातात, त्यामुळे तेवढीच माणसे आली तर तिथली रांग कितीतरी लांब दिसते. शिवाय बंद पडत-पडत चालणाऱ्या राइडची रांगही फुगते.

१३ जून २०१९ रोजी हॅरी पॉटरच्या कथांवर बेतलेली ‘हॅग्रिड्स मॅजिकल क्रीचर्स मोटरबाइक ॲडव्हेंचर’ सुरू झाली तेव्हा रांग दहा तासांवर गेली होती. दहा तास उभे राहणारे बहुतेक हाडाचे चाहते होते, हे सांगायला नको. सुट्टीच्या चार दिवसांतला एक दिवस कोणते कुटुंब असे खर्ची घालील? त्या पहिल्या दिवसाच्या रांगेतून पाहुण्यांच्या पसंतीविषयी काहीही कळत नव्हते. ती पुढच्या काही वर्षांत टिकून राहिलेल्या रांगेतून कळली. त्याच वर्षी डिसेंबरात फ्लॉरिडात आलेल्या ‘स्टार वॉर्स’वरील ‘राइज ऑफ द रेझिस्टन्स’ला तर प्रत्यक्ष रांगच नव्हती, सकाळी फोनवरून गट क्रमांक घ्यायचा आणि बोलावणे येईपर्यंत हिंडायचे, अशी पद्धत होती. पार्क उघडताच कोणत्या क्षणी कुठे बोट लावायचे, हे चाहत्यांना माहीत होते. ज्याला ते माहीत नव्हते त्याला राइड आवडली की नाही, हा प्रश्नच उद्भवला नाही.

पहिल्या आठवड्यातील मतांवर कितपत विसंबावे?

फार थोडे. अधिकृत उद्घाटनाआधी कर्मचारी, वार्षिक पासधारक आणि निमंत्रित यांच्यासाठी चाचणी फेऱ्या होतात; म्हणजे सर्वांत आधी बोलणारे बहुतेक लोक चाहतेच असतात. पाहुण्याचे मत उमटायला महिने लागतात, कारण तो सहलीहून घरी परततो आणि नातेवाइकांना सांगतो, जगाला सांगत नाही.

कथेच्या निष्ठावंतांचे आणि पाहुण्यांचे कुठे बिनसते?

२०१९ मध्ये उघडलेल्या ‘स्टार वॉर्स: गॅलेक्सीज एज’मध्ये ते स्पष्ट दिसले. चित्रपटांत कधीच न दिसलेला बाटू नावाचा ग्रह त्यासाठी रचला गेला आणि काळ नव्या चित्रत्रयीचा निवडला गेला. पार्कच्या रचनेवर प्रेम करणाऱ्यांना त्या गावातली प्रत्येक भिंत, प्रत्येक गंजलेला पत्रा आणि परभाषेतल्या पाट्या हा आनंदाचा ठेवा वाटला. जुन्या चित्रपटांवर वाढलेल्यांना आपल्या ओळखीचे कोणीच का भेटत नाही, हे कोडे पडले. आणि पाहुणा? डार्थ व्हेडर कुठे आहे, एवढेच तो विचारत होता. त्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात अपेक्षेइतकी गर्दी झाली नाही, याची कारणे अनेक होती. पण पाहुण्याला ओळखीचा चेहरा हवा असतो, हे त्यांतले एक असावे असे मला वाटते.

तिथल्या ‘स्मगलर्स रन’मध्ये सहा जणांची तुकडी यान चालवते: दोन चालक, दोन तोफची, दोन तंत्रज्ञ. आयुष्यभर या क्षणाची वाट पाहिलेला चाहता बहुधा मागच्या आसनावर तंत्रज्ञ म्हणून बसतो आणि भिंतीवरची बटणे दाबत राहतो, तर पुढे एक नऊ वर्षांचा मुलगा दांडा खेचून यान खडकांवर आपटत असतो. राइड संपते तेव्हा दोघांची मते काय असतील, हे वेगळे सांगायला नको.

मग पार्क अखेर कोणाचे ऐकतात?

दोघांचे ऐकतात, पण वेगवेगळ्या कानांनी. पाहुण्यांचे मत बाहेर पडताना घेतलेल्या पाहण्यांतून, नंतर पाठवलेल्या प्रश्नावल्यांतून आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहतात की नाही यावरून मोजले जाते. कोट्यवधी डॉलरच्या निर्णयांमागे हेच आकडे असतात. चाहत्यांचा आवाज प्रामुख्याने बारीकसारीक गोष्टींत ऐकू येतो: एखादी जुनी आकृती कोपऱ्यात ठेवणे, जुन्या राइडचे नाव फलकावर कोरणे, पासधारकांना आधी बसू देणे. चाहत्यांना हे तोंडाला पाने पुसल्यासारखे वाटते आणि काही वेळा ते तसे असतेही. पण या गोष्टी कोणीतरी, बहुधा स्वतः चाहता असलेल्या कारागिरानेच, प्रेमाने केलेल्या असतात.

बंद झालेल्या राइडच्या खुणा नव्या राइडमध्ये खरोखर सापडतात का?

सापडतात. मॅजिक किंग्डममधील ‘मिस्टर टोड्स वाइल्ड राइड’ वाचवण्यासाठी चाहत्यांनी एकसारखे टी-शर्ट घालून पार्कातच शांततेने निदर्शने केली होती. सप्टेंबर १९९८ मध्ये ती तरीही बंद झाली आणि पुढच्या वर्षी तिथे विनी द पूहची राइड आली. तिच्यातील घुबडाच्या घराच्या भिंतीवर एक तसबीर आहे: मिस्टर टोड घराची कागदपत्रे घुबडाच्या स्वाधीन करत आहे. ‘हाँटेड मॅन्शन’बाहेरच्या पाळीव प्राण्यांच्या स्मशानातही त्याचा एक पुतळा आहे. ‘मिशन ब्रेकआउट’मध्ये डिस्नेलँडच्या ‘मॅटरहॉर्न’ राइडमधला जुना हिममानव हॅरल्ड संग्रहातील वस्तू म्हणून ठेवलेला आहे.

मला सर्वांत आवडणारी खूण कॅलिफोर्नियातील पूहच्या राइडमध्ये आहे. तिथे पूर्वी गाणाऱ्या अस्वलांचा कार्यक्रम होता आणि भिंतीवर टांगलेली हरीण, गवा आणि मूस यांची तीन मुंडकी त्यात गप्पा मारत. २००१ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. आता पूहच्या स्वप्नातले हत्ती मागे पडले की पुढच्या दालनात शिरताच मागे वळून वर पाहायचे, दाराच्या वरच्या बाजूला अंधारात ती तिघे अजून टांगलेली असतात. पुढच्या बाकावरचे मूल समोरच्या मधाच्या बरणीकडे पाहत असते आणि मागच्या बाकावर कोणीतरी, मान पूर्ण वळवून, मागे पाहत असते.